ऑपरेशनला सहा आठवडे आहेत आणि जेवतानाचं पाणी सुटत नाहीये

उंबरठा
नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वय ४३, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४१, मधुमेहाला सात वर्षं झाली, गुडघे त्याच्याही आधीपासून कुरकुरतायत. स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवायला जठर कापून लहान करायचं ऑपरेशन, करायचं ठरलंय, तारीख सहा आठवड्यांवर आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला, तो फ्रिजवर लावलाय. सावकाश खा, चावून खा, जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास नको, फसफसणारी पेयं बंद, प्रोटीन आधी, रोज चाला... अशा तेरा ओळी आहेत. खाली लाल पेनाने लिहिलंय, "ऑपरेशननंतर नाही, आजपासून."

खरं सांगू? तो कागद बघितला की राग येतो. हे सगळं जमत असतं तर मी पोट कापून घ्यायला निघाले असते का?

त्यातलं पाणी तर मुळीच जमत नाहीये. माझा ग्लास ताटाच्या डावीकडे असतो, अगदी लहानपणापासून. काल तो मुद्दाम आतल्या खोलीत ठेवून जेवायला बसले. तिसऱ्या घासाला डावा हात टेबलावर चाचपडायला लागला. सातव्या घासाला उठले आणि आत जाऊन उभ्या उभ्या अख्खा ग्लास प्यायले, चोरासारखी. कोणाला जमलंय का हे? कसं?

मागची_बाकी
माझी स्लीव्ह होऊन चार वर्षं झाली. राग ओळखीचा आहे. मी तर कागद फाडला होता (मग दुसरा मागून घ्यावा लागला).

एक सांगा, जेवताना तुम्हाला तहान लागते की घास खाली उतरत नाही म्हणून पाणी लागतं? उद्या असं करा. ग्लास नेहमीच्या जागी राहू दे, हवं तेवढं प्या. फक्त एक घास किती वेळा चावून गिळता ते मोजा आणि इथे लिहा.

खडूस_काका
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चार घास कमी खाल्ले, तासभर चाललं तर ही वेळ येत नाही. हल्ली सगळ्यांना शॉर्टकट हवा. ऑपरेशनआधी सवयी लावायच्याच असतील तर लावा आणि ऑपरेशन रद्द करा, हाय काय आणि नाय काय.

सलाईन
काका, सर्जिकल वॉर्डात नोकरी आहे माझी, म्हणून मीही स्पष्ट बोलते. वजन घटलं की शरीर गप्प बसत नाही, भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं. बीएमआय ४० च्या पुढे गेलेल्या माणसाने नुसत्या आहार-व्यायामावर वजन उतरवून वर्षानुवर्षं तिथेच टिकवणं फार थोड्यांना साधतं. म्हणून तर १९९१ मध्ये हे ऑपरेशन कोणाला सुचवायचं याचे निकष ठरले: बीएमआय ४०, किंवा सोबत आजार असतील तर ३५. २०२२ मध्ये ते आणखी खाली आणले. आता ३५ ला आजार नसला तरी सुचवतात, मधुमेह वगैरे असेल तर ३० पासून विचार करतात आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी तर २७.५ पासून. यात शॉर्टकट काय आहे? भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटात तयार होतं, स्लीव्हमध्ये तो भागच काढतात. हे इच्छाशक्तीने कसं करणार?

पण सवयी तरीही लागतात, कारण घ्रेलिन गेलं म्हणून हात थांबत नाही.

खडूस_काका
आकडे मान्य. मत तेच.

उंबरठा
मोजलं. चार. कधी पाच. उकडलेलं अंडं तर दोनदा चावून गेलं. मला वाटलं मीच चुकीचं मोजतेय, म्हणून मुलाला समोर बसवून मोजायला लावलं. चारच. सगळं जेवण सहा मिनिटांत संपलं, तेही त्यानेच घड्याळ लावून सांगितलं आणि वर हसला.

मागची_बाकी
मग पाणी कसं सुटेल? अर्धवट चावलेला घास खाली ढकलायला दांडा लागतो, तुमचं पाणी म्हणजे तो दांडा. आधी चावण्याकडे बघा, पाण्याकडे नंतर.

घास अंगठ्याच्या नखाएवढा. वीस-पंचवीस वेळा चावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घास तोंडात आहे तोवर चमचा खाली ठेवायचा. हातात चमचा राहिला की तो आपोआप पुढचा घास भरून तयार ठेवतो, मग तोंडातला घास लवकर संपवावासा वाटतो. मी लहान मुलाचा चमचा घेतला होता. घरात थट्टा झाली, होऊ दे.

हे आधी का, तर स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण ते ऐंशी टक्के भाग जातो. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिली मावेल एवढी. त्यात अर्धवट चावलेला घास गेला की छातीच्या मधोमध काहीतरी अडकल्यासारखं दुखतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि शेवटी ओकारी. माझी ओकारी सुरुवातीच्याच दिवसांत झाली, ऑपरेशनला आलेल्या भावासमोर. त्या नळीत अन्न आणि पाणी दोन्हीला एकावेळी जागा नसते. त्या दिवसात नवं पोट सांभाळायचं, टाक्यांकडे बघायचं, औषधांच्या वेळा पाळायच्या आणि वर चावायला शिकायचं, हे सगळं एकदम होत नाही.

रातराणी
+१. चमचा खाली ठेवणं हे ऐकायला फालतू वाटतं, करून बघा. पहिल्या दिवशी मला अक्षरशः रडू आलं होतं.

अर्धविराम
माझी गोष्ट पाण्याची नाही, धुराची आहे. सिगारेट किमान सहा आठवडे आधी बंद करा म्हणून सांगितलेलं. केली, पण "बंद" म्हणजे दिवसाला दोन. भूलतज्ज्ञांनी विचारल्यावर छातीठोकपणे नाही म्हणालो. रक्तात कोटिनीन (निकोटिनची खूण) निघालं. तारीख दोन महिने पुढे गेली आणि बायकोसमोर जे काही ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

नंतर डॉक्टरांनी बसवून समजावलं. धुराने जखम भरायला वेळ लागतो, फुप्फुसं भुलीला नीट साथ देत नाहीत, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. माझं बायपास होतं, हृदयाचं नाही, जठराचं. त्यात जठर आणि आतडं जिथे जोडतात तिथे सिगारेटवाल्यांना अल्सर व्हायची शक्यता बरीच जास्त, आणि तो धोका ऑपरेशननंतर पुन्हा सुरू केली तरी आहेच. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचंही तेच, म्हणून डोकेदुखीला हाताला येईल ती गोळी घ्यायची माझी सवयही तेव्हाच मोडली.

उंबरठा ताई, तुम्हाला लागू नसेल तर सोडून द्या. पण धागा वाचणारं कोणीतरी दोन ओढत असेलच.

निवांत
अनुमोदन, आणि दारूचंही लिहा कोणीतरी. बायपासनंतर तेवढ्याच पेल्याने रक्तातली पातळी पटकन आणि जास्त चढते. जेवणाचा आधार सुटला की काही जण पेल्याकडे वळतात, तेही पहिल्या वर्षात नाही, दुसऱ्या वर्षात, सगळं छान चाललेलं असताना. आमच्या घरात पाहिलंय. याहून जास्त लिहीत नाही.

रातराणी
मी रात्रीची खाणारी. दिवसभराचं खाणं बघाल तर आहारतज्ज्ञ टाळ्या वाजवतील. रात्री पावणेअकरा ते साडेअकरा, बस.

मला डायरी लिहायला सांगितली तेव्हा नेहमीसारखं "काय खाल्लं, किती खाल्लं" लिहिलं आणि चार दिवसांत कंटाळा आला. मग समुपदेशक म्हणाल्या, काय खाल्लं ते नका लिहू, खाण्याच्या दहा मिनिटं आधी काय करत होतात ते लिहा. पंधरा दिवसांत सगळं पान भरलं आणि सगळीकडे एकच ओळ: "आईंना शेवटचं औषध दिलं, त्यांच्या खोलीतला दिवा बंद केला." दिवसातला माझा पहिला मोकळा वेळ तो. भूक नव्हतीच. दिवा बंद केला की माझी सुट्टी सुरू, आणि सुट्टी म्हणजे डबा उघडणं.

मग मी काय केलं? मोठं काही नाही. शेवटचं औषध दिल्यावर स्वयंपाकघरातून न जाता बाल्कनीतून माझ्या खोलीत जायला लागले. वीस मिनिटं कानात गाणी. आठवड्यातले चार दिवस जमायचं, तीन दिवस डबा.

हे मी ऑपरेशनआधीच्या मुलाखतीत सांगणारच नव्हते. वाटलं, सांगितलं तर ऑपरेशन नाकारतील. नाकारलं नाही, उलट तयारीच त्या दिशेने करून घेतली. हे लपवू नका, कारण रात्रभर थोडं थोडं मऊ काहीतरी चरत राहिलं तर कुठलंही छोटं पोट ते अडवत नाही. ते घसरत खाली जातं आणि पोट भरल्याचं कळतसुद्धा नाही.

उंबरठा
रातराणी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझ्या डाव्या हाताला तहान लागत नाही हे कळलंय, बाकीचं शोधतेय.

हालहवाल: तीन आठवडे राहिले. जेवण सहा मिनिटांवरून अठरावर आलंय. पाणी? तुम्ही म्हणालात तसंच झालं, चौथ्या-पाचव्या दिवशी ग्लास भरलेलाच राहिला. माझ्या लक्षातही नाही आलं, मुलाने दाखवलं. परवा बाहेर जेवायला गेलो, गप्पांच्या नादात पुन्हा सात मिनिटं आणि दोन ग्लास. असो.

आता प्रोटीन. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम म्हणतात, पावडरचा वास सहन होत नाही.

मागची_बाकी
मोठा डबा आणू नका! मी ऑपरेशनआधी आवडलेल्या चवीचा दोन किलोचा डबा भरून ठेवला. ऑपरेशननंतर चवी बदलतात हे कोणी सांगितलं नव्हतं. झाकण उघडलं की मळमळायचं. शेजारचा मुलगा व्यायामशाळेत जातो, त्याचे दंड माझ्या पैशाने झाले. छोट्या पुड्या आणून तीन-चार चवी बघा. पाण्याऐवजी दुधात, थंडगार करून बघा. आणि पानातलं प्रोटीन आधी खायची सवय आत्ताच लावा, नंतर चार घासांत पोट भरणार आहे, ते चार घास कशाचे हे ठरलेलं असू दे.

पाण्याचं एक राहिलं. जेवताना नको म्हणजे कमी प्या असं नाही. दिवसाला दीड लिटर तरी जायला हवं आणि नंतर घटाघट पिता येत नाही. त्यामुळे आत्तापासून घोट-घोट. बाटली जवळ, दर काही मिनिटांनी एक घोट. ऑपरेशननंतर परत दवाखान्यात भरती होणाऱ्यांत पाणी कमी पडलेले बरेच असतात.

घोरासुर
माझं नाव वाचून कळलं असेलच. झोपेची तपासणी केली तर तासाला चाळीसवेळा श्वास अडखळत होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनआधी काही आठवडे सीपॅप (मुखवट्यातून हवा देणारं मशीन) लावून झोपायचंच. भूल आणि वेदनाशामकं मिळून श्वास आणखी ढिला करतात, म्हणून.

पहिल्या चार रात्री तो मुखवटा झोपेतच काढून फेकला. पाचव्या दिवशी श्वसनविभागातल्या एका मुलीने युक्ती सांगितली: रात्री नका लावू, संध्याकाळी जागेपणी लावा. मी अर्धा तास मशीन सुरू करून टीव्ही बघत बसायचो, हत्तीसारखा दिसायचो. चेहऱ्याला सवय झाली आणि आठवड्याने रात्रीही राहिला. एक फायदा असा की सकाळी उठल्यावर गोडाची जी हाव असायची ती बरीच उतरली. झोप पुरी झाली की काय फरक पडतो हे मला ४९ व्या वर्षी कळलं.

खडूस_काका
ही युक्ती चांगली आहे. कामाला येईल.

सलाईन
काका 🙂

उंबरठा, आता तुमचा लिव्हरचा आहार सुरू होईल, दोन आठवडे ना? साधारण ८०० ते १००० कॅलरी, पिष्ट आणि चरबी कमी. लोकांना वाटतं ही वजन घटवायची शेवटची परीक्षा. तसं नाहीये. यकृताचा डावा भाग जठरावर आडवा पडलेला असतो, सर्जनला तो उचलून धरूनच काम करावं लागतं. चरबीने सुजलेलं यकृत जड असतं, चटकन फाटतं, रक्त येतं, समोरचं दिसत नाही. दोन आठवड्यांत ते बऱ्यापैकी आकसतं. त्यातला साठवलेला ग्लायकोजेन (साखरेचा साठा) जातो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही जातं, म्हणून पहिल्या आठवड्यात काटा एकदम खाली येतो. भुलू नका त्याला.

तुम्हाला मधुमेह आहे म्हणून ठळक सांगते. आहार सुरू करण्याच्या आधी डॉक्टरांना फोन करा, पहिल्या दिवशी नाही, आधी. खाणं निम्म्याहून कमी आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तेवढीच, तर साखर कोसळते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीतली गोळी असेल तर ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, कारण साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल धोकादायक वाढणं) होऊ शकतो. स्वतःहून काही बंद करू नका, यादी घेऊन विचारा.

आणि श्वास आत ओढायचं खेळणं, स्पायरोमीटर, मिळालं असेल तर घरीच सराव करा. ऑपरेशनच्या संध्याकाळी आम्ही उठवून चालवतो, पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून. जी माणसं आधी रोज दहा-दहा मिनिटं का होईना चाललेली असतात ती पहिल्या पावलाला घाबरत नाहीत. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून पाय हलवा, पाण्यात चाला, पण काहीतरी करा.

सायली_नाही
विषयाला धरून विचारते. मूल हवं असेल तर?

सलाईन
१२ ते १८ महिने थांबायला सांगतात. आणि सावध राहा, वजन उतरायला लागलं की पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये. हेही आधीच ठरवून ठेवायचं.

उंबरठा
आहाराचा तिसरा दिवस. डोकं ठणकतंय, घरातल्या सगळ्यांवर ओरडून झालं. फोन आधीच केला होता, एक गोळी बंद आणि इन्सुलिन निम्मं केलं, तरी काल संध्याकाळी साखर ६८. हात थरथरायला लागले तेव्हा कळलं. पुन्हा फोन, पुन्हा कमी. सलाईन, तुम्ही लिहिलं नसतं तर मी ती थरथर भुकेची समजून सहन करत बसले असते.

एक विचारायचं राहिलं. व्हिटॅमिनच्या गोळ्या खरंच जन्मभर?

मागची_बाकी
जन्मभर. इथे मला माझीच लाज सांगावी लागणार.

माझं वजन दीड वर्षात सगळ्यात खाली आलं. ३८ किलो गेले. लोक विचारायला लागले, मी सल्ले द्यायला लागले. आणि त्याच सुमारास गोळ्या सुटल्या, कारण मला आता काही होत नव्हतं. वर्षभराने पायाच्या बोटांना मुंग्या, जिना चढताना धाप. बी१२ तळाला गेलेलं, लोहही. इंजेक्शनं घ्यावी लागली. तपासण्यांना जाणं मी त्याआधीच बंद केलं होतं, नाहीतर आधी कळलं असतं.

वजनाचं म्हणाल तर त्यातले नऊ किलो परत आलेत. कसे आले तेही सांगते. नवीन नोकरी लागली, जेवायला पंधरा मिनिटं मिळतात, मी पुन्हा बाटली शेजारी ठेवून घास ढकलायला लागले. ढकलला की जास्त जातं. मी वर तुम्हाला जे सांगितलं ते मी स्वतः गेल्या महिन्यात परत सुरू केलंय, तुमच्या धाग्यामुळेच.

गोळ्यांचा गजर आत्ताच लावा, रोज त्याच वेळी. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर. मी कॅल्शियम दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवलंय, लोह गाडीच्या चावीशेजारी.

उंबरठा
हे लिहिल्याबद्दल धन्यवाद, खरंच. नऊ किलो वाचून घाबरले आणि मग बरंही वाटलं. का ते सांगता येत नाही.

अर्धविराम
घरी कोणाला सांगितलंय का हो ताई?

उंबरठा
नवरा, मुलगा आणि एक मैत्रीण. बाकीच्यांना पोटाचं ऑपरेशन आहे एवढंच, जे खोटं नाही.

उंबरठा
झालं ऑपरेशन. आज अकरावा दिवस. पहिल्या दिवशी नर्सने औषधाचा तो छोटा कप आणून दिला, ३० मिलीचा. म्हणाली, हा पंधरा मिनिटांत संपवायचा. मी घोट घेतला आणि कप टेबलावर ठेवला. तिने विचारलं, आधी कुठे शिकलात? मी म्हटलं, मुलाने शिकवलं. पोरगं कोपऱ्यात मोबाइलमध्ये तोंड घालून बसलं होतं, कान लाल झाले त्याचे.

भूक म्हणाल तर नाहीच. पण कालच पाहिलं, सगळे जेवत असताना मी नुसती शेजारी बसले होते, समोर काही नाही, आणि डावा हात टेबलावर चाचपडत होता.

आता पातळ सुरू आहे. घट्टसर तुम्ही कधी सुरू केलंत?

मागची_बाकी
अभिनंदन!! माझं दोन आठवड्यांनी वाटलेलं, मग मऊ, आणि नेहमीचं साधारण दोन महिन्यांनी. पण तुमच्या बाईंच्या कागदावर असेल तेच धरा, प्रत्येक ठिकाणचं थोडं वेगळं असतं. छोटा चमचा आणलाय ना?

उंबरठा
आणलाय. त्यावर हत्ती आहे.